येसराच्या डब्यावरचा भरवसा

ये माय, जरा जवळ सरक. तुला रागवायचंय, आणि लांबून रागवलं की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. उन्हाळ्यात येते म्हणालीस, तेव्हा तुझ्या लॅबमधलं कुठलंसं यंत्र बिघडलं. फोन केला की म्हणतेस, "मोठीआई, पाच मिनिटांत लावते." तुझी पाच मिनिटं तीन-तीन दिवस चालतात. म्हणून फोनचा नाद सोडला आणि लिहायला बसले. फोन मधेच कापता येतो. लिहिलेलं निदान उशाशी पडून राहतं.

बाकीच्या वाचणाऱ्यांना सांगते, ही माझ्या धाकट्या जावेची लेक. पुण्याला एका प्रयोगशाळेत कामाला आहे. लोकांच्या नाकातनं काडीवर घेतलेला कोरोना हिच्यापर्यंत पोचतो, आणि ही त्याच्या आतली जनुकांची अक्षरं वाचून कुठं काय बदललं ते शोधते. हिचे आईबाप पिशोरला असतात. मी इथं संभाजीनगरात मशीनवर बसून बायकांचे ब्लाउज शिवते. आमच्या तिघींमध्ये एक गोष्ट येऊन बसलीय. ती उठायचं नाव घेत नाही, आणि मी तिच्यापुढं पार बेजार झालेय.

ते दुखणं पहिल्यांदा आलं त्या वर्षी आमच्या घरात कुणाला काही झालं नाही. भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या, अस्तराच्या उरलेल्या कापडाचे मास्क शिवून गल्लीत वाटले, झालं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. टीव्हीवाला, डॉक्टर, दूधवाला, ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, वास गेला की समजायचं, तोच आहे.

आता वास गेला का नाही हे रोज बघायचं कशानं? मी येसराचा डबा काढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, येसर म्हणजे धान्य, खोबरं आणि खडा मसाला खमंग भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नाकार्यात त्याची आमटी करतात. डबा उघडला की पुढच्या खोलीतल्या माणसाला भूक लागते. मी नियम केला, सकाळी डबा हुंगल्याशिवाय चहा नाही. आमचे मालक कुरकुर करायचे. "देवाला धूप, नवऱ्याला येसर," म्हणायचे, पण हुंगायचे.

दुसरी लाट आली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्यांनी डब्यात नाक घातलं आणि म्हणले, "रिकामा डबा कशाला धरायलीस माझ्या तोंडापुढं?"

डबा काठोकाठ भरलेला होता. ताप नाही, खोकला नाही, माणूस टुणटुणीत. तरी मी त्यांना त्याच दिवशी तपासायला नेलं आणि निघालाच. चार-पाच दिवसांनी बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा खाली यायला लागला. पण आमचं आधीपासून लक्ष होतं, धावाधाव वेळेवर झाली, खाट मिळाली. त्या दिवसांत खाट मिळणं म्हणजे काय होतं ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायची गरज नाही. ते घरी आले. निघताना तिथला डॉक्टर मला म्हणाला, "आजी, वेळेवर आणलंत म्हणून बरं झालं."

तेवढ्या एका वाक्यानं मी चढले. डॉक्टर माझ्या वेळेबद्दल बोलला होता, मी ते डब्याबद्दल धरलं. मग काय, गल्लीत माझ्या दाराला नाकाचा दवाखाना असं नावच पडलं. भाजीवाला गाडा उभा करून यायचा. "अम्मा, जरा डब्बा सुंगाओ ना, गला पकड्या है मेरा." मी डबा लांबून धरायची आणि विचारायची, "आता काय येतंय?" तो मिऱ्यापासून दालचिनीपर्यंत सगळं ओळखायचा. "जा, तुला काही नाय," असं मी सांगायची, आणि तो निघून जायचा. कोण होते मी सांगणारी? पण तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. दुसऱ्या कुणी विचारलाही नाही, उलट येसर मागून न्यायला लागले.

तुझ्या बाबांचं मात्र वेगळं होतं. चितेगावच्या एका कंपनीत रंगाच्या खात्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि गावाकडं परतताना दमा घेऊन आले. तुझ्या आईनं त्यांना दोन वर्षं काचेच्या भांड्यासारखं जपलं. आला-गेला माणूस ओट्यावर. गिरणीवाला पीठ ओट्यावर ठेवायचा, सख्खा मेहुणा आला तरी चहा ओट्यावर. लोक हसायचे, ती कुणाला जुमानायची नाही.

मग ती संक्रांत आली. दोन-दोन डोस झाले होते. टीव्हीवर नवीन अवतार आलाय असं सांगत होते, आणि त्याच तोंडानं तो मामुली आहे असंही सांगत होते. ह्याच्या नावांनीही डोकं पिकवलं होतं. आमच्या शहराचं नाव पुढं बदललं, पण त्यानं नळाला पाणी काही रोज यायला लागलं नाही, गाव आहे तेच आहे. ह्या दुखण्याचं तसं नव्हतं. ह्याचं नाव बदललं की खोडही बदलायची. ते आम्हाला कोण सांगणार?

त्या सकाळी माझा घसा खवखवत होता. आदल्या दिवशी गुळाच्या पाकापुढं उभी होते, त्याचा धूर लागला असेल असं वाटलं. तरी नेमानं डबा काढला. वास कसा, तर भरभरून. त्यातलं खोबरं जरासं खवट झालंय हेसुद्धा मला कळलं. इतकं शाबूत नाक असताना कसला आलाय कोरोना? वाणाच्या कापडी पिशव्या शिवून ठेवल्या होत्या, त्या घेतल्या, तिळगूळ घेतला. एसटीचा संप चालू होता, म्हणून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून कन्नड गाठलं आणि दुसरी गाडी धरून पिशोर.

तुझी आई दारातच उभी होती. मास्क लावलेला. म्हणाली, "अक्का, आवाज बसलाय तुमचा. काही नाय ना?"

मी काय म्हणले ते मला अजून अक्षर न् अक्षर पाठ आहे. "नाकाची परीक्षा पास होऊन आलेय मी. आमच्या मालकांना ज्या डब्यानं वाचवलं, त्याच डब्यानं मला पास केलंय."

ती बाजूला झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि ते माणूस मी होते.

तुझे बाबा इतके खूश झाले. मी मास्क काढला, त्यांनीही काढला. "वहिनी, दोन वर्षं माणसांचे नुसते डोळे बघतोय. तुमचे दात तरी हायेत का जागेवर, ते बघू द्या." आम्ही शेजारी शेजारी बसून बाजरीची भाकरी खाल्ली. जुन्या गोष्टी निघाल्या, तुझे आजोबा कसे चिडायचे त्याच्या नकला झाल्या. हसता हसता त्यांना ढास लागली तर तुझ्या आईनं पाठ चोळली आणि माझ्याकडं बघून तीही हसली. चांगला दीड-दोन तास गेला. मी कुंकू लावून घेतलं आणि निघाले.

दोन दिवसांनी अंग मोडून आलं. आमच्या मालकांनी औषधाच्या दुकानातनं घरी तपासायचं किट आणलं. दोन रेघा उमटल्या. आता शहाण्या बाईनं काय करावं? फोन उचलावा. मी डबा उचलला. हुंगला, वास आला. पुन्हा हुंगला, पुन्हा आला. मालकांना म्हणले, "किट खराब दिसतंय." ते म्हणले, "किट खराब असेल तर दुसरं आणू, पण आधी पिशोरला फोन तरी लाव." मी म्हणले, उगीच कशाला घाबरवायचं, उद्या दुसरं किट आणा, मग बघू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दोन रेघा आल्या तेव्हा मी फोन केला. तो तूच उचलला होतास, तू त्याच सकाळी सुट्टीवर आली होतीस. मागून खोकल्याचा आवाज येत होता.

मला तीन दिवस ताप आला आणि गेला. मालकांना नुसत्या शिंका. मामुली म्हणत होते ते आमच्या बाबतीत खरं ठरलं. तुझ्या बाबांना गाडीत घालून शहरात आणावं लागलं. पुढचं तुला माहीत आहे. ते जगले, हे देवाचे उपकार. पण छातीत जे व्हायचं ते होऊन गेलं. आज खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतं, आणि विहिरीपर्यंत चालणारा माणूस न्हाणीपर्यंत जाऊन भिंतीला टेकतो.

ते दवाखान्यात असताना तुझ्या आईचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "अक्का, तुमच्या नाकाच्या भरवशावर मी माझा नवरा सोपवला."

मी म्हणले, "अगं पण मला वास येत होता ना."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझ्या घराची पायरी चढलेली नाही. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मी सोळाची, माझ्यामागनं चार वर्षांनी ती आली. एका चुलीवर आम्ही दोघींनी तुझ्या आजीचा जाच काढला. पहिला ब्लाउज मी तिच्याच अंगावर बेतला होता, दोन्ही बाह्या उलट्या लागल्या होत्या आणि तिनं तो तसाच घालून बाजार केला. अशी जाऊ आहे ती. आणि आता मी गेले की चहाचा कप पुढं ठेवते आणि खुरपं घेऊन शेतात निघून जाते. दोनदा गेले, दोन्ही वेळा हेच.

त्या पावसाळ्यात तू आली होतीस, आठवतं का? मी मशीनवर होते, तू खाली कापडाच्या ढिगात बसली होतीस. मी तुझ्यावरच खेकसले होते. "तुम्ही एवढे शिकलेले, तुमच्या यंत्रांना एवढं दिसतं, मग वास जाणार नाय आता, हे वेळेवर सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होतो मोठीआई. नव्या प्रकारात वास जायचं प्रमाण कमी झालंय, हे तेव्हाच लक्षात यायला लागलं होतं."

"कुठं सांगत होता? माझ्या दारात येऊन?"

"बातम्यांत."

"बातम्यांत मामुली म्हणत होते."

तू ढिगातली एक चिंधी उचलून तिची घडी घातलीस. मग म्हणालीस, "मामुली म्हणजे बऱ्याच जणांना मामुली. लस झालेल्यांना, चांगल्या छातीच्यांना. बाबांसारख्यांना नाय."

"मग ते अर्धं वाक्य कुणी गिळलं?"

माझा राग आहे तो इथंच आहे, पोरी. खोटं कुणी बोललं नाही. पण पूर्ण कुणी बोललं नाही.

मग मी विचारलं, तो विषाणू बदलतो म्हणजे करतो काय? त्याला अक्कल आहे का, की आता नाक सोडू आणि घसा धरू? तू हसलीस आणि माझ्या खुंटीवर टांगलेल्या खाक्यांकडं, ब्लाउज कापायच्या कागदी मापांकडं, बोट दाखवलंस. "मोठीआई, तू खाक्यावरनं नवा खाका कसा काढतेस?"

मी सांगितलं, जुना फाटायला आला की नव्या कागदावर ठेवून खडूनं कड फिरवते. त्यात खडूच्या रेघेची जाडी वाढते. त्या नव्यावरनं पुन्हा काढला की आणखी जाडी. असं पाच-सहा वेळा झालं की मुंढा, म्हणजे जिथं बाही बसते तो गोल, जागचा सरकलेला असतो. बहुतेक वेळा ब्लाउज बिघडतो, कापड वाया जातं. क्वचित एखाद्या वेळी सरकलेला मुंढाच एखादीच्या अंगाला असा बसतो की ती म्हणते, आता ह्याच मापाचे शिवा.

"बस, हेच," तू म्हणालीस. "तो एका माणसातनं दुसऱ्यात जाताना स्वतःच्या नकलाच काढत असतो. कोट्यवधी नकला. प्रत्येकीत खडू थोडा इकडंतिकडं होतो. बिघडलेल्या मरून जातात, आपल्याला दिसतही नाहीत. एखादी चुकून आपल्या अंगाला जास्त चांगली बसते, ती पसरते. त्याला अक्कल नाय. चुकाच पुष्कळ करतो तो. हा जो संक्रांतीला आला होता, त्याच्या बाहेरच्या काट्यांमध्ये पुष्कळ बदल एकदम झाले होते. म्हणून लसीनं आणि आधीच्या आजारानं आलेल्या ताकदीला तो चुकवून आत शिरत होता. घशात जास्त वाढायचा, छातीत आधीच्यापेक्षा कमी."

"मग भाऊजींच्या छातीत कसा गेला?"

"त्यांची छाती आधीच अर्धी होती."

मला समजलं. खरंच समजलं. मी जुन्या खाक्यावर नवं कापड कापत बसले होते. पण समजून काय उपयोग? मला त्याहून एक मोठी गोष्ट विचारायची होती, आणि ती मी टाके उसवता उसवता विचारली, कारण तुझ्या तोंडाकडं बघून विचारायची माझी छाती नव्हती. "ते माझ्याकडनंच गेलं का त्यांच्यात?"

तू म्हणालीस, सांगता येत नाय. त्याच आठवड्यात गिरणीवाला आजारी होता आणि तो ओट्यावर येऊन गेला होता. आई स्वतः बाजाराला गेली होती. मोठीआई, तुझे आणि बाबांचे, दोघांचे नमुने ठेवलेले असते तर अक्षराला अक्षर लावून बघता आलं असतं. तरी शंभर टक्के नाय, त्या दिवसांत सगळ्यांमध्ये जवळपास एकच फिरत होता.

आणि माझा नमुना कुठं? किट घंटागाडीत गेलं. गंमत बघ, तीस हजाराच्या घरातली अक्षरं तुम्ही एकेक करून वाचता. आणि एका बाईनं आपल्या दिराला आजारी पाडलं का नाही, एवढा एक जबाब देता येत नाही. मी त्या दिवशी तुझ्यावर लई चिडले. तू डोळे पुसत उठलीस. तेव्हापासून तुझं येणं कमी झालं, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

मला तुझ्या तोंडून 'नाही' हवं होतं. ते घेऊन मी पिशोरला गेले असते आणि तुझ्या आईपुढं आपटलं असतं, बघ, तुझीच शिकलेली लेक सांगतीय. गेली इतकी वर्षं मी तेवढ्याच मागं आहे. पेपरात नव्या प्रकाराचं काही आलं की कात्रण काढते. मागं पुन्हा एक नवीन निघालं, पुन्हा तेच, घाबरायचं कारण नाही, काळजी घ्या. मी ते सगळं कापून एका पिशवीत ठेवते. मालक म्हणतात, "हिचा खटला चालू आहे, कोर्ट मात्र कुठंच नाय."

गेल्या आठवड्यात तुझ्या बाबांचा फोन आला. बोलायला त्यांना वेळ लागतो, मधे मधे थांबतात, मी वाट बघते. आधी माझ्या दातांची चौकशी केली, त्यांची ती सवय गेली नाही. मग म्हणले, "वहिनी, मला तुमचा राग नाय. कधीच नव्हता."

मी म्हणले, "तुम्हाला नसेल. तिला आहे."

"तिला आहे. पण दुखणं आणलं म्हणून नाय." मग ते थांबले, यंत्राची घुरघुर ऐकू येत होती. "तुम्ही फोन एक दिवस उशिरा केला. आणि त्यानंतर ज्या ज्या वेळी बोललात, पहिला शब्द काय, तर 'पण'. पण वास येत होता. पण टीव्हीवर सांगत होते. पण गिरणीवालाही आला होता. तिला ते काहीच नकोय वहिनी."

"मग काय हवंय?"

"ते मी सांगितल्यावर काय राहिलं त्यात?" म्हणले, आणि त्यांना ढास लागली.

मी फोन ठेवून बसून राहिले. दुपारी गिऱ्हाईक आलं, त्याला माप न घेताच परत पाठवलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. आधी तुझ्या बाबांचा आला, मग तुझ्या आईचा, की एवढीशी गोष्ट एकदा तोंडानं सांगितली असती तर काय झालं असतं. मग स्वतःचा यायला लागला तो अजून उतरायचा आहे. विषाणूनं काय केलं, लसीनं काय केलं, बातम्यांनी काय गिळलं, ह्या सगळ्याचा हिशोब मी बोटावर सांगते. आवाज बसलेला असताना मी तिच्या उंबऱ्याच्या आत गेले, दोन रेघा बघूनही एक दिवस गप्प बसले. ह्यात विषाणूची कसली चूक? हे त्याच्या कुठल्याच अक्षरात सापडायचं नाही.

चुकलं माझं. इथं लिहायला सोपं आहे. फोनवर म्हणायला गेले, तिनं "कोण?" विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पण ऐक तरी." तिनं ठेवून दिला. इतक्या वर्षांची सवय जिभेला लागलीय. तोंडासमोर बसूनच हे जमेल, आणि एकटी गेले तर ती खुरपं उचलेल. तू समोर असलीस तर नाही उठायची. लेकीपुढं ती एवढी कठोर होत नाही.

तर तू ये. तुझं विज्ञान मागणार नाही, शपथ घेऊन सांगते. ते माझ्याकडनं गेलं का नाही, हे पुन्हा विचारणार नाही. आलीस की पहिल्यांदा तुझ्या हातानं माझं नाक तपास, तुझ्या पद्धतीनं. साफ निघालं तर दोघी मास्क लावून पिशोरची गाडी धरू. ती म्हणेल तिथं बसेन, ओट्यावर तर ओट्यावर. तू फक्त तिच्याशेजारी बस आणि माझ्या तोंडून 'पण' निघाला की मला चिमटा काढ. यंत्र बिघडू दे, साहेब रागावू दे, दोन दिवसांची रजा टाक. भाऊजींचा श्वास दर महिन्याला आखूड होत चाललाय, आणि माझं 'चुकलं' त्यांच्याही कानावर पडायला हवंय. ह्याच महिन्यात ये, माय.